झटपटबाई आणि वरच्या मजल्याचं गणित

शिकवणीतली पोरं त्यांना झटपटबाई म्हणत, आणि ते बाईंना ठाऊक होतं. पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षांचं गणित त्या एकाच इमारतीत शिकवत. तळमजल्यावर व्यवस्थापनाच्या परीक्षेचा वर्ग. गणित शाळेतलंच, पण श्वास घ्यायला सवड नाही. मधल्या मजल्यावर संगणकाच्या परीक्षेचा. सगळ्यांत वर शुद्ध गणिताच्या परीक्षेचा. तिथं प्रश्न थोडे, वेळ भरपूर, पण नुसतं उत्तर देऊन भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं. वरच्या वर्गाला विद्यार्थी मिळेनात, तेव्हा शिकवणीच्या मालकांनी तो बंद केला. बाई खाली उतरल्या त्या उतरल्याच.

त्यांच्या धाकट्या भावानं तळमजल्याची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. हुशार होता, हीच अडचण. पर्यायांत उत्तर दिसत असलं तरी ते खरं का, हे सिद्ध केल्याशिवाय त्याचं पेन पुढे सरकत नसे. निम्मा पेपर कोरा राही. मामा म्हणत, समुद्र पोहून आला नि डबक्यात बुडाला. यंदा जमलं नाही तर मामांच्या छापखान्यात बसायचं ठरलं होतं. आईचा धोशा एकच, सोपी परीक्षाच दे.

बाई त्याला रोज शिकवत. अशक्य पर्याय आधी उडव, शेवटचा अंक ताडून बघ, पुढे चल. तो मान डोलवी आणि समासात सिद्धता लिहीत बसे.

एका दुपारी दोन वर्गांच्या मधे बाई डबा उघडून बसल्या होत्या. भावानं वरच्या परीक्षेतला एक प्रश्न पुढे ठेवला. बाईंनी तो वाचला, कागद उलटून पाहिला.

“पर्याय कुठंयत?”

“ताई, याला पर्याय नसतात.”

कधीकाळी असले प्रश्न त्या भाजी निवडता निवडता सोडवत. आता भावानं दाखवलेली उत्तराची वाटही अर्ध्यापर्यंतच कळली. घास हातातच राहिला.

घरी गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं, यंदा तो वरची परीक्षा देईल.

“अगं, ती तर सगळ्यांत अवघड.”

“कुणाला अवघड, ते बघशील की नाही? खालचीसाठी घासत राहिला तर माझ्यासारखा होईल.”

मामांना फोन त्यांनीच केला. तो पास होईलच, असं काही म्हणाल्या नाहीत. मामांनी विचारलं, नाही झाला तर?

“तर छापखाना आहेच की, मामा. पण पडायचंच असेल तर त्याच्या मापाच्या परीक्षेत पडू दे.”

फोन ठेवून त्या चपला न काढताच भिंतीला टेकून बसल्या.