बुरुजातला उंबरठा

किल्ल्याखालच्या वस्तीतल्या गवंड्याला सगळे ओळंबामामा म्हणतात. भिंत सरळ आहे का, हे पाहायची दोरी कायम त्यांच्या खांद्यावर असते. त्यांची तीस वर्षं किल्ल्याच्या भेगा भरण्यात गेली आणि त्याच किल्ल्याच्या कचेरीने त्यांना नोटीस धाडली: तुमच्या दाराचे चार दगड किल्ल्याचे आहेत, महिन्याभरात परत करा.

"ते काढले तर पुढची भिंतच खाली येईल," मामा म्हणाले.

"येऊ दे. मागच्या दाराने ये-जा करू," मामी म्हणाल्या.

"मागे दार आहे कुठे?"

"तेच म्हणतेय मी!"

मी कचेरीतर्फे मोजमापं घेत होतो. पूर्वजांनी पडक्या किल्ल्यातून दगड ढापले, असं सगळी वस्ती मानायची. मामासुद्धा. मी उंबरठ्यावर पट्टी धरली. मधोमध तीन बोटं खोल खळगा.

"पावलांनी झिजला असेल ना?" मी विचारलं.

"नाहीतर काय! माझ्या खापरपणजीपासून..." मामा थबकले. "अरे, असाच एक बुरुजात आहे! त्याच्या कडेच्या भेगा मी तीनदा भरल्यात. पाण्याने झिजला म्हणून सोडून दिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुजाला शिडी लागली. कचेरीतले साहेब आले, मामीही आल्या. दोन पुरुष उंचीवर तो दगड आडवा बसवलेला होता. मधे तसाच खळगा, टोकाला दाराचा खुंट फिरायचं गोल भोक.

"एवढ्या उंचावर चालत कोण होतं, साहेब?" मामांनी विचारलं.

साहेबांनी वर चढून भोकात बोट फिरवलं. आतून अगदी गुळगुळीत. खुंट फिरून फिरून झिजलेलं.

"म्हणजे घरं आधीची," ते वरूनच म्हणाले. "ती मोडून बुरूज बांधला."

"मग आमचा उंबरठा द्या परत," मामी खालून म्हणाल्या.

"अहो, बुरूज ढासळेल!"

"कळलं ना आता?"

साहेब हसले. कुणाचे दगड कुणी नेले, याचा छडा लागेपर्यंत नोटीस थांबवतो म्हणाले. तो छडा लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वस्तीतली एकेचाळीस घरं मोजायची आहेत.

मामांनी दुपारी त्या दगडाच्या भेगा चौथ्यांदा भरल्या. भोक तेवढं मोकळं ठेवलं.