छंद म्हणून ठीक आहे

ऑइल पेंटच्या नव्या डब्याचं झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटलं की आतून जो पहिला वास येतो, तो मला अजूनही क्षणभर जागच्या जागी खिळवून ठेवतो. उग्र, तेलकट, किंचित गोडसर, डोळ्यांच्या कडांना झोंबणारा तो गंध. काल्हेरच्या हवेत तशी गंधांची वाण नाही: ट्रकांचा धूर आहे, भरती ओसरल्यावर खाडीचा खारट दर्प आहे, गोदामांच्या दारांतून येणारा कोऱ्या पुठ्ठ्याचा वास आहे. पण या सगळ्यांना बाजूला सारून रंगाचा गंध माझ्यापर्यंत येतो आणि भर दुपारी, पत्रे तापलेले असताना, मन विलक्षण प्रसन्न होतं. ज्याला हा वास आवडतो त्याने पेंटर व्हावं असं माझं सरळ मत आहे. ज्याला आवडत नाही त्याने मला सल्ला देऊ नये, हे त्याहून सरळ.

अक्षरांचं वेड मला लहानपणी लागलं, आणि ते पाठ्यपुस्तकाने लावलं नाही. माझे बाबा वडपे गावातल्या एका शाळेत शिपाई होते. सुट्टीच्या दिवशी शाळा झाडायला जाताना ते मला सोबत नेत. मी कुंपणाच्या भिंतीवर बसून हायवेवरचे ट्रक वाचत असे. हो, वाचत असे! पुस्तकातली अक्षरं कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखी निमूट. ट्रकच्या पाठीवरची अक्षरं मात्र सावली पाडून उभी राहत, वेलांटी वळवताना उगाच एक गिरकी घेत, पिवळ्यावर लाल आणि लालवर पांढरी होऊन ऐटीत निघून जात. ती लिहिणारा माणूस कुठे असेल, कसा असेल, त्याचा हात कधी थरथरत असेल का, असे प्रश्न मला त्या वयात पडायचे. आपल्याला काय आवडतं हे माणसाला किती लवकर कळलेलं असतं, आणि ते कबूल करायला तो किती वर्षं घालवतो!

मीही घालवली. त्या वर्षांत एक वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की मला त्याची शिसारी आली. ‘छंद म्हणून ठीक आहे.’ शाळेच्या फलकावर मी सुविचार लिहायची तेव्हा बाई म्हणाल्या, लग्नाच्या मांडवावर नावं काढली तेव्हा आत्या म्हणाली, आणि पुढे गोदामात सुपरवायझरही तेच म्हणाले. वरवर केवढं सौजन्य आहे या वाक्यात! कुणी हात धरत नाही, ब्रश हिसकावत नाही. फक्त तुमच्या जिवाच्या गोष्टीला रविवारच्या दुपारी एक कोपरा देतात आणि वर उपकार केल्यासारखं हसतात. ज्या गोष्टीवाचून माझा दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही, तिला फावला वेळ पुरेल हे कुणी ठरवलं? मला त्या वाक्याचा राग येतो. आजही येतो, आणि तो यावा अशीच माझी इच्छा आहे.

गोदामात मी सहा वर्षं होते. रॅकमधून माल काढायचा, स्कॅन करायचा, खोक्यात भरायचा. भिंतीवर एक पांढरा फलक होता आणि त्यावर रोज सकाळी शिफ्टचं टार्गेट लिहिलं जाई. माझं अक्षर चांगलं म्हणून ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. शेजारी बर्फाच्या डोंगरावर चढणाऱ्या कुण्या माणसाचं पोस्टर होतं. खाली स्वप्नं मोठी पाहा असं काहीबाही लिहिलेलं. त्या डोंगरवाल्याशी माझं कधी जमलं नाही. पण एके सकाळी आकडा लिहिता लिहिता मनात आलं, की सहा वर्षं मी दुसऱ्याने ठरवलेलं टार्गेट न चुकता पुरं करते आहे. मग स्वतःसाठी एकही ठरवू नये, इतकी का मी स्वतःला परकी आहे? स्वप्न पाहायला काही लागत नाही. त्याला तारीख लावायला मात्र छाती लागते, कारण तारीख लावली की हरणंही शक्य होतं.

मी तारीख लावली. एक वर्ष, बारा पाट्या. नात्यातल्यांच्या धरायच्या नाहीत, फुकट केलेल्या धरायच्या नाहीत, स्वतःच्या धरायच्या नाहीत. गिऱ्हाईक स्वतःहून आलं पाहिजे. कागदावर हे लिहून मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि गोदाम सोडलं. सुपरवायझर माणूस भला. ते म्हणाले, “वर्षभरात नवं गोदाम सुरू होतंय. तिथे परमनंट घेणार आहेत. तुझं नाव ठेवतो, पण एक वर्षच हां.” हे बाबांना कळलं आणि त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की बारा झाल्या नाहीत तर मुकाट्याने परत ड्युटीवर जायचं. मी वचन दिलं.

बाबांचा विरोध तुम्हाला नीट सांगायला हवा, नाहीतर तुम्ही त्यांना उगाच दुष्ट ठरवाल. आमच्या मागच्या पिढ्यांनी गावाची हलकी मानलेली कामं केली. ती कामं त्यांच्या माथी मारली गेली होती. घर बौद्ध झालं, मुलं शिकली, आणि बाबा शाळेत शिपाई का होईना, पण इस्त्रीचा शर्ट घालून रुजू झाले. त्या शर्टावर ते डाग पडू देत नसत. अशा माणसाला मुलगी रंगाने बरबटलेल्या हातांनी रस्त्यावर शिडी लावते हे कसं रुचावं?

“आमच्या हातातली टोपली सुटली, म्हनून तू शिकलीस,” ते म्हणाले. “आन आता तू डबा घेऊन भितीवर चढनार? लोक काय बोलतील, पुन्ना तेच करतात?”

“टोपली तुमच्या हातात दुसऱ्याने दिली होती, बाबा,” मी म्हटलं. “हा ब्रश मी घेतलाय.”

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी डबे पिशवीत भरू लागले की बाबा पेपर उघडून चेहऱ्यापुढे धरत.

पहिले तीन महिने मी फक्त हात बसवला. एक महिना नुसते काने, पुठ्ठ्यांवर, वरून खाली एका दमात, न थरथरता. पुढचा महिना वेलांट्या. त्याच्या पुढचा शिरोरेषा. ध्येयाचे असे तुकडे केले की ते भीतिदायक राहत नाही, कंटाळवाणं होतं; आणि कंटाळा सहन करायला गोदामाने मला उत्तम शिकवलं होतं. मग पहिलं गिऱ्हाईक आलं, पलीकडच्या आळीतल्या गिरणीवाल्या काकू. त्यांना पाटी हवी होती: सर्व प्रकारचे दळण दळून मिळेल.

या पाटीवर मी जी चूक केली ती फक्त गोदामातली बाईच करू जाणे. मी पत्रा मोजला, अक्षरं मोजली, आणि पत्र्याचे रॅकसारखे सारखे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यात एक अक्षर ठेवलं. हिशोब चोख होता. रंगवून झाल्यावर मी रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं आणि माझा चेहरा उतरला. ‘ळ’ला अंग हलवायला जागा नव्हती, ‘र’ मात्र दोन्ही बाजूंना ओसाड मोकळी जागा घेऊन एकटाच उभा. अक्षरं होती, शब्द कुठेच नव्हते. काकू कमरेवर हात ठेवून पाहत होत्या.

“त्या र ला काय रोग झालाय?” त्यांनी विचारलं. “बाजूला कोनी बसत न्हाय त्याच्या.”

मी कप्प्यांचं गणित समजावू लागले. त्यांनी मला थांबवलं. “वज्रेश्वरीच्या गाडीत बसलीस ना कदी? जाड्याला जास्ती जागा लागते, बारका सरकून घेतो. सगली बसतात. मापून कोन बसवतो?”

मी अख्खी पाटी रॉकेलच्या फडक्याने पुसून पुन्हा लिहिली. काकूंनी चहा पाजला आणि शेवटपर्यंत समोर बसून राहिल्या. त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. अक्षराला जागा त्याच्या अंगाप्रमाणे द्यावी लागते, ही एक. आणि दुसरी अशी, की मी गोदाम सोडलं होतं, पण गोदामाने मला सोडलं नव्हतं. माझ्या सुंदर ध्येयालाही मी खोकी भरल्यासारखीच भरू पाहत होते. महिन्याला एक पाटी म्हणजे वर्षाला बारा! काम असं समान कप्प्यांत येतं का कधी? पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल्या, एकही पाटी नाही. दिवाळीच्या तोंडावर तीन एकदम. एका आठवड्यात वज्रेश्वरीत दोन पेढेवाल्यांच्या पाट्या केल्या, आणि दुसऱ्याने मला पहिल्याची पाटी पाहूनच बोलावलं होतं. त्या दिवशी बसमधून परतताना मी गुडघ्यावर बोटाने पूर्ण रस्ताभर अक्षरं काढत होते, आणि शेजारची बाई मला वेडी समजून सरकून बसली.

एका टेम्पोवाल्याने पाठीमागे लिहून घेतलं. “दीदी, ऐसा लिखो कि दूरवाला भी पढ़ ले,” इतकीच त्याची अट. मला ती फार आवडली. संगणकावर छापलेले फ्लेक्स स्वस्त आहेत, झटपट आहेत, हे मला रोज कुणीतरी ऐकवतं. असतील. दोन उन्हाळ्यांत ते फिके पडून लोंबू लागतात, आणि त्यांतलं एकही अक्षर कुणी श्वास रोखून काढलेलं नसतं. माझं अक्षर मी श्वास रोखून काढते.

वर्ष संपलं तेव्हा पाट्या अकरा झाल्या होत्या.

त्या सकाळी कपाटाच्या दाराशी मी बराच वेळ उभी होते. बारावी शोधणं कठीण नव्हतं. आत्याला सांगितलं असतं तर तिने कुणाला तरी पाठवलं असतं. काकूंनी तर आपणहून म्हटलं होतं की गिरणीच्या मागच्या भिंतीवर अजून एक लिही. मी नाही म्हटलं. खोट्या बारापेक्षा खरे अकरा मला पुरत होते. बाबा पेपर घडी करून म्हणाले, “किती झाल्या?”

“अकरा.”

“मंग बोलनं झालं होतं आपलं.”

“झालं होतं. आणि मी ते मोडतेय,” मी म्हटलं. “हरले म्हणा, खोटी म्हणा. मी ड्युटीवर जाणार नाही. तारीख मी लावली होती ती कामाला लागण्यासाठी, काम सोडण्यासाठी नाही.”

वचन मोडण्यात मोठेपणा नसतो, हे मला कळतं. पण ज्या ध्येयाने मला उभं केलं, त्याच्याच आकड्यापुढे मान टाकून पुन्हा बसायचं, हा कुठला न्याय? ध्येय माणसासाठी असतं. माझं माझ्यासाठी होतं.

मी डबा उचलला आणि बाहेर आले. आमच्या घराची एक भिंत मुख्य रस्त्याकडे आहे. गोदामांकडे जाणारा प्रत्येक ट्रक तिच्यासमोरून जातो. वर्षभर मी तिला हात लावला नव्हता, कारण घरात नुसतं तिचं नाव काढलं तरी बाबांचा चेहरा बदलायचा. मी शिडी लावली, खडूच्या भुकटीत घोळलेली दोरी ताणून भिंतीवर दोन रेघा मारल्या, आणि त्यांच्यामध्ये हातभर उंचीच्या अक्षरांत खडूने लिहिलं: रोहिणी पेंटर. पाट्या व भिंती रंगवून मिळतील.

बाबा दारात येऊन उभे राहिले. “ही मोजू नको,” ते म्हणाले.

“नाही मोजत.”

दोन ट्रक गेले. इस्त्रीच्या शर्टावर धूळ बसत होती, ती त्यांनी झटकली नाही. मग ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून, जसं मी नेहमी पाहते तसं, मान तिरकी करून भिंत वाचू लागले. आता सगळ्या रस्त्यासमोर काय ऐकावं लागणार, याची मी तयारी केली.

“पेंटर काय आडनाव हाय का आपलं?” ते तिकडून मोठ्याने म्हणाले. “पुरं नाव लिही. मधलं पन.”

मधलं नाव त्यांचं. मी लिहिलेला सगळा खडू ओल्या फडक्याने पुसला आणि त्या नावाला जागा व्हावी म्हणून दोरी पुन्हा, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली.