डबे धुतलेल्या पाण्यावरची झाडं

नल्लकुंट्याच्या मराठी शाळेत सत्यवतीबाई तिसरी-चौथीला शिकवायच्या, पण गल्लीत त्यांची ओळख वेगळीच होती. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या बायका त्यांना 'चेट्ल टीचरम्मा' म्हणत, म्हणजे झाडांच्या बाई. माहेर जिंतूरकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन हैदराबादेत आल्या आणि नवऱ्याच्या आग्रहावरून ट्रेनिंग करून शिक्षिका झाल्या. नवरा, भगवंतराव, काचीगुड्याच्या रेल्वे कचेरीत कारकून. बाईंच्या रागाची तऱ्हा त्यांना पाठ होती. ते म्हणत, "ही ओरडत असली की मी खुशाल पेपर वाचतो. आवाज खाली आला की मात्र पेपर बाजूला ठेवतो."

शाळेचं आवार म्हणजे मुरूम आणि मुरमाखाली खडक. नळ एकच, आणि त्याला पाणी यायचं ते त्याच्या मर्जीनं. दर जुलैत वनमहोत्सव व्हायचा. कोणीतरी मोठा माणूस यायचा, हार घालून घ्यायचा, रोप लावून हात धुवायचा. दसऱ्यापर्यंत रोपाची काडी झालेली असायची. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप, नवा पाहुणा, तेच भाषण. बाईंनी हा सोहळा एक-दोनदा पाहिला आणि पुढच्या खेपेला पाहुण्याची वाट न बघता आपल्या वर्गाला कामाला लावलं.

शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाच्या नावानं एक झाड. खड्डा मुलाच्या घरच्यांनी खणायचा, पत्र्याच्या पाटीवर मुलानं स्वतः नाव लिहायचं. कडुनिंब, करंज, जांभूळ, सीताफळ, जे रोप मिळेल ते. आणि पाणी? त्याचा तोडगा बाईंनी मधल्या सुट्टीत काढला. डबे खाऊन झाले की सगळी पोरं नळावर झुंबड करत आणि निम्मं पाणी गटारात जाई. बाईंनी नियम केला, की नळावर डबा धुवायचा नाही. तांब्याभर पाणी घ्यायचं, आपल्या झाडाशी जायचं, राखेनं डबा घासायचा आणि तिथंच धुवायचा. झाडलेला पालापाचोळा पूर्वी जाळत. आता तो मागच्या खड्ड्यात कुजवायचा आणि पावसाळ्यापूर्वी झाडांच्या बुडाशी घालायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळ राहणारी मुलं घरून तांदूळ धुतलेलं पाणी कळशीतून आणत.

पहिली हरकत घेतली ती शाळा समितीचे अध्यक्ष हिम्मतराव यांनी. चिक्कडपल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. गंमत अशी, की शाळेतले बहुतेक डबे त्यांच्याच दुकानातले.

"बाई, झाडाला उष्टं-खरकटं पाणी? लोक काय म्हणतील?"

"तुमच्या घरी अळू कुठं लावलाय?"

"मोरीपाशी."

"मग त्याची भाजी पंगतीत वाढताना कोणी काही म्हणतं का?"

हिम्मतराव हसले आणि हरकत तिथंच मिटली. पुढं तर ते पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत, "आमच्या शाळेत एक मूल, एक झाड." त्यांचा स्वतःचा नातू दत्तू पहिलीत आला तेव्हा त्याच्या सीताफळाचा खड्डा त्यांनी पगडी काढून, धोतर खोचून स्वतः खणला. दमल्यावर उरलेला खणून दिला भिवाजीनं. भिवाजी रेल्वेच्या कारखान्यात होता आणि त्याच दिवशी आपल्या मुलीच्या, भागूच्या, कडुनिंबाचा खड्डा खणत होता. पुढं दर वर्षी तो इतर मुलांचेही खड्डे खणून देऊ लागला. दोन्ही झाडं शेजारी शेजारी वाढली. दत्तूच्या सीताफळानं चौथ्या वर्षी फळ धरलं.

त्याच वर्षी हैदराबाद राज्य मोडलं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात. सरकारी नोकरांच्या नेमणुका फिरल्या. बरकतपुऱ्यात, नल्लकुंट्यात रोज कुठल्या ना कुठल्या दारासमोर सामानाचा टांगा उभा दिसायचा. कोणी औरंगाबादला चाललं, कोणी परभणीला, कोणी पार मुंबईला. हिम्मतरावांचा मुलगा सरकारी खात्यात. त्याला औरंगाबाद मिळालं. दुकान सोडवेना म्हणून हिम्मतराव इथंच राहिले. शाळेचा पट बघता बघता निम्म्यावर आला.

जाणाऱ्या मुलांसाठी बाईंनी एक पद्धत पाडली. निघण्याआधी मुलानं आपलं झाड राहणाऱ्या कोणाला तरी सोपवायचं. दोघांनी मिळून एकाच डब्यानं पाणी घालायचं. मग घेणाऱ्यानं म्हणायचं, "आजपासून माझ्याकडं." दत्तूनं आपलं सीताफळ भागूला सोपवलं. झाडावरचं एकुलतं एक फळ दोघांनी पायरीवर बसून खाल्लं.

"मे महिन्यात मी आजोबांकडं येणार," दत्तू म्हणाला. "बाई, तोवर राहील ना झाड?"

"राहील," बाई म्हणाल्या. "तू ये, मी दाखवते तुला."

असा शब्द बाईंनी दत्तूला एकट्याला दिला नव्हता. जाणाऱ्या प्रत्येक पोराला दिला होता.

फेब्रुवारीत बातमी आली, की नव्या सरकारचे शाळा तपासनीस शेषाचारी सोमवारी शाळा पाहायला येणार. समितीची धांदल उडाली. शनिवारी संध्याकाळी हेडमास्तर एकनाथराव बाईंच्या वर्गाशी आले आणि नजर चुकवत म्हणाले, "बाई, झाडांवरच्या पाट्या जरा उतरवून ठेवतोय. तपासणीपुरत्या."

"का?"

"समितीचं म्हणणं आहे. मंगळवारी परत लावू."

बाईंना ते आवडलं नाही. पण पाटी काढल्यानं झाड मरत नाही, असा विचार करून त्या घरी गेल्या.

सोमवारी सकाळी त्या फाटकातून आत आल्या आणि जागीच थांबल्या. नळापासून मागच्या भिंतीपर्यंत ऊन पडलं होतं. त्या आवारात इतकं ऊन त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. गुडघ्याएवढे खुंट उभे होते, काहींच्या चिरांतून अजून चीक गळत होता. भागू आपल्या कडुनिंबाच्या खुंटाशी उभी होती. तिला सोडायला आलेला भिवाजी डोक्याला हात लावून म्हणाला, "बाई, हे कोणी करायला लावलं? रातपाळी करून आलो, म्हणलं चुकीच्या शाळेत आलो की काय!"

समितीचे लोक ऑफिसात हजरच होते. तपासनीसांसाठी टेबलावर धुतलेली चादर अंथरणं चाललं होतं. बाई आत गेल्या. आवाज इतका खाली होता, की चिटणीस नामदेवरावांना पुढं वाकावं लागलं.

"झाडं कोणी तोडली?"

हिम्मतराव घसा साफ करून म्हणाले, "बाई, शांतपणे ऐका. आपली ख्याती काय? एक मूल, एक झाड. हे सगळ्या शहराला माहीत. आता तो साहेब येणार, झाडं मोजणार, मुलं मोजणार. अर्धी मुलं गेली हे त्याला उभ्या उभ्या कळणार. तेलुगू सरकार आहे. उद्या म्हणेल, मराठी मुलं राहिली नाहीत, शाळा बंद करा. मग? शाळा वाचवायची म्हणून गेलेल्या मुलांची झाडं काढली. मला काय हौस आहे?"

"गेलेल्या मुलांची?"

"फक्त गेलेल्या मुलांची. ठराव तसाच आहे."

"भागू कुठं गेली? ती बाहेर उभी आहे. तिचा कडुनिंब पडलाय. पहिलीतल्या पोरांची झाडं पडलीत. ती कुठल्या राज्यात गेली?"

नामदेवराव चाचरत म्हणाले, "काल लाकूडतोड्या आला. त्यानं विचारलं, 'कौनसे काटना साब?' आता पाट्या नव्हत्या ना बाई. ओळखायचं कसं? मी म्हटलं, नळापासून भिंतीपर्यंत सगळे."

"पाट्या कोणी काढल्या होत्या?"

"आम्हीच."

"म्हणजे आधी नावं पुसली, आणि मग नाव बघून तोडायला माणूस आणला."

नामदेवराव चादरीची सुरकुती सरळ करू लागले.

"पोरांना विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "पहिलीतलं पोर डोळे मिटून आपल्या झाडाशी जातं. मला विचारायचं होतं. भिवाजीला विचारायचं होतं, निम्मे खड्डे त्यानं खणलेत. तुम्ही विचारलं कोणाला? लाकूडतोड्याला!"

पाच शिकलेली माणसं एका टेबलाभोवती बसली, ठराव एकमतानं मंजूर केला, आणि आधी काय करायचं नि मागून काय, एवढाही विचार त्यांतल्या एकालाही सुचला नाही. किराणा दुकानातला नोकर डब्यांवरच्या चिठ्ठ्या फाडून मग जिरं शोधत बसला तर मालक त्याला दुसऱ्या दिवशी ठेवणार नाही. इथं मालकच असे.

शेषाचारी अकरा वाजता सायकलवरून आले. खांद्यावर उपरणं, घोटीव आवाज. वरंगळकडचे होते, पण शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, त्यामुळं शहरी दखनीत बोलत. चहाला हात न लावता ते सरळ आवारात गेले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"झाडां किदर हैं?"

हिम्मतराव हात जोडून पुढं आले. "साब, थोडी सफाई करे. आप आने वाले थे, करके..."

"मैं आने वाला था करके झाडां काट दिये?" शेषाचारींना खरंच कळेना. "अरे, मैं झाडांच देखने कू आया ना! टिफिन के पानी पे बच्चे झाडां पालते, सुना मैं. मेरे सब स्कूलां में पानी की येच तकलीफ है. सोचा, देख के सब हेडमास्टरां कू बोलता."

"साब, बच्चे जरा कम हो गये, तो हम सोचे, आप गिनेंगे..."

"गिनना कायकू? हाजरी तो मेरे दफ्तर में हैच. हर महीना आपके हेडमास्टर साब भेजते." त्यांनी एकनाथरावांकडं पाहिलं. एकनाथराव नळाकडं पाहत होते. "स्कूल बंद करने की बात किसने की आपसे?"

कोणीच केली नव्हती. सगळं यांनीच रचलं, यांनीच घाबरून घेतलं आणि कुऱ्हाडही यांनीच आणली. जे सरकार झाडं बघायला सायकल मारत आलं, त्याच्यापासून लपवायला म्हणून झाडं तोडली.

शेषाचारी बाईंपाशी आले, नमस्कार केला आणि एवढंच म्हणाले, "टीचरम्मा, मैं देर कर दिया."

ते गेल्यावर हिम्मतराव म्हणाले, "जाऊ द्या बाई. झालं ते झालं. जुलैत वनमहोत्सवाला नवी रोपं लावू. ह्यांनाच बोलावू पाहुणे म्हणून. पैसे मी देतो."

"नवं एकही रोप लागणार नाही," बाई म्हणाल्या. "पाट्या कुठं आहेत?"

पाट्या ऑफिसातल्या कपाटामागं पोत्यात होत्या. बाईंनी पोतं आवारात आणून रिकामं केलं. मुलांना काही सांगावं लागलं नाही. ज्यानं त्यानं आपली पाटी उचलली, ज्याच्याकडं सोपवलेली झाडं होती त्यानं त्यांच्याही उचलल्या, आणि जो तो आपापल्या खुंटाशी गेला. एकाचीही जागा चुकली नाही. भागूनं स्वतःची पाटी लावली आणि शेजारी दत्तूची. नामदेवरावांच्या काल न सुटलेल्या अडचणीचा निकाल मधल्या सुट्टीची घंटा होण्याआधी लागला होता. सुट्टीत मुलं डबे घेऊन रोजच्यासारखी आपापल्या खुंटाशी बसली आणि तिथंच डबे धुतले.

एप्रिलअखेर हिम्मतराव स्वतः बाईंच्या घरी आले. भगवंतरावांनी खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले.

"बाई, दत्तू येतोय परवा. एक विनंती आहे. तेवढी एक पाटी काढा. झाड वाळलं, असं सांगेन त्याला."

बाईंचा आवाज खाली आला. भगवंतरावांनी पेपर बाजूला ठेवला.

"वाळलं म्हटलं तर दोष कोणाचा होईल, माहीत आहे? पाणी घालणारीचा. भागूनं एक दिवस चुकवलेला नाही. पाटी राहील. त्याला झाड दाखवायचा शब्द मी दिलाय. येताना तुम्हीही या."

दत्तू आला. सुट्टी होती, तरी भागू कळशी घेऊन आवारात होती. दत्तू फाटकातून धावत आत शिरला, सवयीनं आपल्या जागेशी गेला आणि खुंट बघून थबकला. मग भागूकडं वळून ओरडला, "तू पाणी घातलं नाहीस!"

भागूनं हिम्मतरावांकडं पाहिलं. आणि हिम्मतराव, जे सबंध शहराला एक मूल, एक झाड सांगत फिरले, ते चपलेच्या टोकानं मुरूम उकरत उभे राहिले. एका लहान पोरीवर आळ येताना बघत उभे राहिले. भिंतीशी भिवाजी होता. तो एक पाऊल पुढं आला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं.

"हिम्मतराव," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की दत्तूलाही कान द्यावा लागला. "तुमचा नातू आहे. तुम्ही सांगा."

उकरलेल्या मुरमाकडं बघतच हिम्मतराव म्हणाले, "तिनं घातलं रे पाणी. मी तोडायला लावलं."

"का?"

हिम्मतरावांनी तोंड उघडलं. ठरावातली सगळी कारणं त्यांना पाठ होती. साहेब मोजेल, सरकार तेलुगू आहे, शाळा बंद पडेल. त्यातलं एकही त्या पोरासमोर बाहेर पडेना.

भागू कळशी घेऊन वाकली. आधी तिनं स्वतःच्या खुंटाला पाणी घातलं. सीताफळाच्या खुंटाला बुडाशी बोटभर लाल फूट आली होती. दत्तू उकिडवा बसून ती बघू लागला, तसे हिम्मतराव एकदम सुटल्यासारखे म्हणाले, "बघ, बघ! फुटलं की! येईल परत."

"फुटलं ते तिच्या पाण्यानं," सत्यवतीबाई म्हणाल्या. "त्यानं तुमचं तोडणं फिटत नाही. पोरानं 'का' विचारलंय, त्याचं उत्तर द्या."

आणि त्या पदर खोचून, उत्तर येईपर्यंत तिथून न हलण्याच्या तयारीनं, उन्हात उभ्या राहिल्या.