दोघांनाही सारखाच न्याय

स्वातंत्र्यानंतर लगेच काश्मिरात लढाई चालू होती तेव्हा मी रहिमतपूरला शाळामास्तर होतो. वय चोवीस. पुण्याचं वर्तमानपत्र आलं की संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचो. ऐकायला एक पेन्शनर सुभेदार रोज यायचे. त्यांचा मुलगा आघाडीवर होता.

अमेरिका हिंदुस्थानालाही हत्यारं देणार नाही आणि पाकिस्तानालाही नाही, अशी बातमी आली. सुभेदारांनी विचारलं, "म्हंजी अमेरिका कुणाच्या बाजूनं हाय, मास्तर?"

"कुणाच्याच नाही. याला म्हणतात न्याय. दारूगोळाच नसला तर लढणार कशानं? महिन्याभरात थांबेल बघा सगळं."

लोकांनी माना डोलावल्या. मी सुखावलो. खरं तर बातमीपुढचं सगळं माझ्या पदरचं होतं. सुभेदारांनी मला मुलासाठी पत्र लिहून द्यायला सांगितलं, तर त्यातही मी ते खुशाल घुसडलं.

पाच-सहा महिन्यांनी मुलगा घरी आला. उजवा हात कोपरापासून नव्हता. मी भेटायला गेलो. तो रागावला नाही, चहा मागवला.

"तुमचं पत्र खंदकात मिळालं, मास्तर. तवा आमाला गोळ्या मोजून मिळायच्या. साहेब म्हणायचा, भायेरनं माल येत न्हाई, लय जवळ आल्याबिगर बार काढू नका. दुश्मन टेकडीवरनं उतरत हुते आन् आमी नुसतं बघत हुतो." मग म्हणाला, "त्यांचंबी तसंच असंल म्हना. पर न्याय लिवलाय तुमी, त्यो कुणाला मिळाला?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.

आठ दिवस ओट्याकडे फिरकलो नाही. मग एका संध्याकाळी गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मला काही ठाऊक नव्हतं. मनाचंच बोललो मी."

सुभेदार म्हणाले, "आवं, तुमी एकलंच कुठं? आमीबी माना हालवल्याच की."

त्यानं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या महायुद्धात पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत लढाया बघून आलेला तो माणूस, आणि बंदूक हातात न धरलेल्या माझ्या शब्दावर विसंबला होता.

त्यांनी मला पुन्हा वाचायला बसवलं. मी नुसतं छापलेलं तेवढंच वाचायचो, कुणी अर्थ विचारला तर माहीत नाही म्हणायचो. तरी सुभेदारांच्या घरावरून जायला नको म्हणून लांबच्या वाटेनं जायचो. वर्षभरात मी बदली मागून आटपाडीला गेलो. अर्जात घरगुती अडचण लिहिली. तेही खोटंच होतं.