पंजातली वाळू

आमच्या वस्तीच्या सार्वजनिक बागेत कुत्र्यांना मज्जाव नाही. मागच्या फाटकातून बाहेर पडलं की सुरूची झाडं लागतात आणि मग समुद्र. शेजारचे नाना अंथरुणाला खिळल्यापासून त्यांच्या मोतीला रोज सकाळी मीच नेते. परत आलो की मोती पुढचे पाय पलंगावर टेकतो. नाना त्याचा पंजा हातात घेतात, बोटांच्या बेचक्यातली ओली वाळू काढून चिमटीत चोळत बसतात. "आलात जाऊन," एवढंच म्हणतात.

आज आभाळ मळकट होतं आणि माझंही मन कशात नव्हतं. फाटकापाशी पाय जड झाले. पलीकडे लाटा वाजत होत्या, मोती पट्टा ताणत होता. मी त्याला मागे ओढलं आणि मुलांच्या घसरगुंडीखालच्या वाळूत त्याचे पाय चांगले घोळवले. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

आजारी माणसाचं जग आटत जातं. आधी गाव सुटतं, मग रस्ता, मग अंगण. नानांचा समुद्र आता चिमटीत मावेल एवढाच उरला होता आणि तोही माझ्या भरवशावर.

नानांनी पंजा चाचपला. वाळू कोरडी होती, बोटांना न चिकटता चादरीवर सांडली. त्यांनी ती चिमटीत धरून पाहिली.

"आज पाणी फार लांब गेलं होतं वाटतं," ते हळूच म्हणाले.

"हो, नाना," मी म्हटलं आणि चादर झटकायला घेतली.