चतुर्थीचे सहा जाम

अन्वी आणि ईशान, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, समोरच्या गॅलरीतले ते हात हलवणारे आजोबा कुठे गेले?" मी म्हटलं, "पुण्याला," आणि तुमच्या आईने घाईघाईने तुमच्या परीक्षांचा विषय काढला. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना मी अर्ध्या उत्तराला कधी पूर्ण गुण दिले नाहीत, तेव्हा माझं स्वतःचंच अर्धं उत्तर तसं सोडून देणं मला जमणार नाही. तुम्ही दोघंही आता अठराच्या पुढे आहात. तुमच्या आईला हे आवडणार नाही, पण तिला मी नंतर पाहून घेईन.

तर माझ्या आखीव आयुष्यात मला जेवढे धक्के बसले, त्यातले निम्मे त्या एकट्या माणसाने दिले, आणि तेही दर वेळी अत्यंत नम्रपणे, "वहिनी, एक मिनिट येता का?" असं विचारून.

ते तुमच्या आजोबांचे मित्र. मी त्यांना भावजी म्हणत असे. मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या इतकं समोर, की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मी माझा गॅस बंद करत असे. सबंध नोकरी त्यांनी कापडमिलच्या रंगखात्यात केली. मिल बंद पडली, पण भावजींमधलं रंगखातं काही बंद पडलं नाही. कोणतीही वस्तू हातात आली की ती उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा. टोमॅटो, खोकल्याचं औषध, पाहुण्यांनी आणलेला पेढा, कशालाच सुटका नव्हती. तुमच्या आईच्या लग्नात सासरकडून आलेला शालू त्यांनी भर मांडवात व्याह्यांसमोर खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "रंग पहिल्या धुण्यात जाईल हां, आत्ताच सांगून ठेवतो." मला धरणी दुभंगावी असं झालं. रंग पहिल्या धुण्यातच गेला, ही गोष्ट वेगळी.

त्यांची पत्नी गेली, मुलगा पुण्यात स्थिरावला, आणि इकडे तुमचे आजोबाही गेले. पुढे वर्षभराने एका सकाळी भावजींनी मला ते "एक मिनिट" म्हणून बोलावलं. स्वयंपाकघरात ओट्यावर अकरा बाटल्या रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडावर एकेक रंगीत फुगा ताठ उभा होता. मी म्हटलं, "कुणाचा वाढदिवस आहे?"

"वाढदिवस कुठला वहिनी! वाइन आहे. जांभळाची, संत्र्याची, फालशांची. फळात साखर आणि खमीर टाकलं की आतून गॅस निघतो. फुग्याला सुईने छोटासा होल केलाय, बस. फुगा झुकला की समजायचं, माल तयार."

मी जवळची खुर्ची ओढून बसले. गल्लीत वरच्या टोकाला राममंदिर, खालच्या टोकाला मी, भगिनी मंडळाची अध्यक्ष, आणि मधोमध ही भट्टी! मी म्हटलं, "भावजी, ही दारू आहे." त्यांनी एक बाटली उचलली, मागे पांढरा रुमाल धरला आणि म्हणाले, "आधी रंग तर बघा."

रंग सुंदर होता, हे मला खोटं बोलता येत नसल्यामुळे कबूल करावं लागलं. त्या एका कबुलीवर ते जे सुटले, ते सुटलेच. फळवाल्याशी त्यांचं माळवी हिंदीतलं भांडण सगळ्या गल्लीला पाठ झालं: "भिया, पका हुआ मांगा था, गला हुआ नहीं! मेरे को बनाना है, फेंकना नहीं है." दर बाटलीवर मिलमधल्यासारखी चिठ्ठी, शेड नंबर चार, शेड नंबर नऊ. एकदा दुपारी फालशांच्या बाटलीचा फुगा फुटला आणि आवाजाने समोर माझ्या हातातली पळी पडली. मी गॅलरीत धावले तर भावजी भिंतीवर उडालेल्या डागाकडे एक डोळा मिटून पाहत होते. "वहिनी, पक्का आहे. भिंतीवर पण पक्का."

आणि सगळ्यात मोठा धक्का असा, की हा माणूस स्वतः थेंबही घेत नसे. वास घेई, रंग पाही आणि बूच लावी. विचारलं तर म्हणे, "माझं पित्त, तुम्हाला माहीत आहे." मग चव कशी कळायची? एका रविवारी अकरा वाजता ते वाटी-चमचा घेऊन दारात हजर. "तुम्ही टीचर आहात वहिनी. तुम्ही मार्क द्या."

"मी इंग्रजीची शिक्षिका आहे!"

"पेपर तर पेपर आहे ना. सब्जेक्ट से क्या फरक पड़ता है?"

मी दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी पुन्हा लावलं. तिसऱ्या रविवारी मात्र मला वाटलं, माणूस एकटा आहे, इतक्या मेहनतीने काही करतो, आणि त्याला तपासणारं कुणीच नाही. तपासल्याशिवाय वही परत करणं माझ्या स्वभावात बसत नाही. मी एक चमचा घेतला. संत्र्याची होती. मी दहापैकी चार गुण दिले आणि शेरा लिहिला: पातळ, शेवट कडू. भावजींचा चेहरा नापास मुलासारखा झाला. "चार? अहो, पासिंग तर द्या!" मी दिले नाहीत. सालीचा पांढरा भाग न काढता फोडी टाकल्या होत्या, हे त्यांनी आठवडाभराने कबूल केलं. तिथून पुढे चार वर्षं, दर रविवारी अकराला, एक चमचा. एकच. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुमच्या आईला तर नाहीच.

मग एके दिवशी भावजींचा मुलगा आणि सून पुण्याहून न कळवता आले. बरोबर मोठी रिकामी सूटकेस. मला बोलावणं आलं. भावजी खुर्चीत मान खाली घालून बसले होते आणि मुलगा मोठी कुलपं मोजत होता. "काकू, आम्ही बाबांना कायमचं न्यायला आलोय. घर बंद करणार. ते प्यायला लागलेत."

"कोण म्हणतं?"

"ते स्वतःच!" सून रडवेली झाली होती. चांगली मुलगी आहे, साताऱ्याची. "मी परवा दुपारी फोन केला, म्हटलं, बाबा, काय चाललंय? तर म्हणाले, सकाळपासून जामच चालू आहेत. सहा झाले, अजून चार बाकी आहेत, आता चक्कर येतेय. म्हटलं, काही खाल्लंत का? तर म्हणाले, नाही, आज चतुर्थी आहे! काकू, चतुर्थीच्या दिवशी, उपाशीपोटी, सहा पेग!"

बाळांनो, इथे तुम्हाला सांगायला हवं, की आपल्या माळव्यात पेरूला जाम म्हणतात. मुलगा याच गल्लीत जाम खात वाढलेला. त्याने कपाळावर हात मारला. "अगं, तू मला फोनवर सहा पेग म्हणालीस! जाम म्हणजे पेरू! सहा किलो पेरू चिरले असतील यांनी!"

"चिरलेच होते," भावजी पुटपुटले. "बिया काढायला लई टाइम लागतो."

सून हसायला लागली, मुलगा हसला, मीही हसले. पण हसता हसता मुलगा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथे चौदा फुगे त्याच्याकडे ताठ उभे राहून पाहत होते. तो बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज पूर्ण बदलला होता. "बाबा, हे सगळं पितं कोण?"

भावजींनी मान आणखी खाली घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हे मी अजून विसरलेले नाही. त्यांनी नुसतं "मीच" म्हटलं असतं तर माझी अब्रू राहिली असती आणि त्यांचं घर गेलं असतं. ते तोंड उघडणार एवढ्यात मी उठून उभी राहिले, वर्गात राहते तशी.

"मी पिते," मी म्हटलं. "दर रविवारी अकरा वाजता. एक चमचा. तुझे बाबा थेंबही घेत नाहीत. बाकीच्या बाटल्या कपाटात आहेत, मोजून घे."

सुनेने तोंडावर पदर, म्हणजे ओढणी, धरली. मुलगा माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू शाळेची घंटा त्याच्याशी बोलली होती. त्याला मीच पाचवीत शिकवलं होतं. मग त्याने हळूच विचारलं, "पण बाबा, प्यायची नाही, तर करता कशाला?"

भावजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुझे आजोबा फार प्यायचे रे. तू पाहिलं नाहीस. पगाराच्या दिवशी आई आम्हाला घेऊन मंदिरात बसायची, ते झोपेपर्यंत. मला बघायचं होतं, ही चीज घरात ठेवून माणूस नीट राहू शकतो की नाही. राहू शकतो. चार वर्षं राहिलो."

इतकी वर्षं समोर राहून हे मला माहीत नव्हतं. त्या पित्ताच्या सबबीवर मी किती वेळा हसले होते!

सूटकेस रिकामीच परत गेली. जाताना सुनेने माझ्या पाया पडून विचारलं, "काकू, त्या पेरूच्या वाइनला किती मार्क?" मी म्हटलं, "फुगे अजून झुकायचेत." भगिनी मंडळात ही बातमी दोन दिवसांत पोचली. अध्यक्षपद मी स्वतःहून सोडलं. त्यानंतर मंडळातल्या तिघी जणी वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना न सांगता, माझ्याकडे चौकशी करून गेल्या.

भावजी त्यानंतर आणखी तीन वर्षं इथे राहिले. यंदाच्या थंडीत त्यांचे हात थरथरायला लागले. एका बाटलीतून दुसरीत ओतताना सांडायचं. मी ओतून देईन म्हटलं, तर म्हणाले, "नाही वहिनी, तपासणारा आणि लिहिणारा एकच नको." मग एका सकाळी त्यांनी आपण होऊन मुलाला फोन केला, "ये, मला घेऊन जा." मुलगा आला. या खेपेला सूटकेस भरली. टॅक्सीत बसताना भावजींनी काच खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं. एवढी व्याकरणाची बाई, पण मला वाक्यच सापडलं नाही.

आता ते फोनवर बोलतात. पुण्याच्या पेरूंना चव नाही म्हणतात. समोरच्या घराला कुलूप आहे आणि माझ्या कुकरच्या शिट्ट्या आता मीच मोजते.

त्यांनी केलेली एक बाटली माझ्या कपाटात आहे. बोरांची. ती अजून उघडलेली नाही.