रामनाथचा मोतीबिंदू

वसईच्या बाजारात रामनाथचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो यांवर घर चाललं. मोकळा दिवस मिळाला, की तो जुना कॅमेरा घेऊन भुईगावच्या वाड्यांमध्ये शिरायचा. उमेळ्याला त्याच्या आजोबांची केळीची वाडी होती. तिथे इमारत उभी राहिली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की त्या वाडीत राबलेल्या माणसांचा एकही फोटो घरात नाही. तेव्हापासून हा नाद लागला. पाटाने पाणी फिरवणारी, दुधीचा मांडव बांधणारी माणसं तो टिपायचा. उभे राहा, हसा, असं कुणाला म्हणायचा नाही.

सगळ्यांत जास्त फोटो रेजिनाबायचे. समुद्राकडच्या अंगाला तिची भाजीची वाडी. आधी ती तोंड फिरवायची. पुढे इतकी सवय झाली, की तो आला तरी तिचं खुरपं थांबत नसे.

गेल्या हिवाळ्यात फोटो बिघडू लागले. जुनी लेन्स, हाताने फोकस करायची. रामनाथने ती साफ करून आणली, मग दुसरी लावली. तरी रेजिनाच्या हातातली माठाची जुडी धुरकटच. दोष लेन्सचा नाही, आपल्या डोळ्यांचा आहे, हे त्याला कळलं. त्याचे वडील काचबिंदूने आंधळे झाले होते. शेवटची वर्षं भिंत चाचपडत घरात फिरायचे. रामनाथ डॉक्टरकडे गेला नाही. कॅमेरा कपाटात ठेवला आणि बायकोला, आशालताला, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

बरेच दिवस तो फिरकला नाही, तेव्हा भाजी विकून झाल्यावर रेजिनाच स्टुडिओत आली. तिने मुळ्याची जुडी पुढे केली. घ्यायला गेलेला त्याचा हात बाजूलाच पडला. रेजिना स्टुलावर बसली.

"दिसत नाही का, भाऊ?"

मग त्याने सगळं सांगितलं, वडिलांचंही.

"डॉक्टर काय बोलला?"

"गेलोच नाही."

"मग आंधळे होणार हे ठरवलं कोणी?"

आज घरी सांगा, नाहीतर मी येऊन सांगते, असं बजावून ती गेली.

आशालता रागावली ती लपवल्याबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, दाब मोजला, बराच वेळ यंत्रातून पाहिलं. रामनाथने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"काचबिंदू नाही," डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदू आहे. काढला की दिसेल."

त्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. बाहेरच्या बाकावर बसल्यावर मात्र त्याला रडू आवरेना. आशालता शहाळं घेऊन आली आणि शेजारी बसली.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली. स्वयंपाकघराची भिंत पिवळट नसून पांढरी आहे, हे पाहून तो दिवसभर खुशीत होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो भुईगावला गेला. रेजिना केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने, माठाच्या जुड्या बांधत होती. पानांचा तो तांबडा रंग, तिच्या नखांतली माती, सोपटाचा धागा न् धागा त्याला दिसत होता. तो कॅमेरा डोळ्याला लावून तसाच उभा राहिला.

"काढा की फोटो," रेजिना म्हणाली.

"बघू दे जरा," तो म्हणाला.

तिने पुढची जुडी हातात घेतली.